‘लाइटबल्ब मोमेंट’चं मराठी करताना या चुका टाळा

इंग्रजी मजकुरात ‘लाइटबल्ब मोमेंट’ दिसला की नवख्या अनुवादकाचा हात हमखास ‘ट्यूब पेटली’कडे जातो. दिवा इकडेही, दिवा तिकडेही. मग बिघडलं कुठे?

बिघडतं स्टार्टरपाशी. बल्ब बटण दाबताक्षणी लागतो, म्हणून तो एकदम काही सुचण्याचा किंवा उलगडण्याचा क्षण. आपल्याकडची जुनी ट्यूब मात्र आधी दोन-चारदा लुकलुकणार, चोक गुणगुणणार, मग कधीतरी लागणार. सगळे हसून झाल्यावर हसतो तो ‘ट्यूबलाइट’, तो त्यामुळेच.

एका कंपनीची स्मरणिका माझ्याकडे होती. संस्थापकांना धंद्याची कल्पना रेल्वेच्या डब्यात सुचली, असा मूळ मजकूर. सहकाऱ्याने लिहिलं, ‘आणि संस्थापकांची ट्यूब पेटली.’ मीही घाईत नजर फिरवून सही ठोकली. ५०० प्रती छापून आल्यावर थोरल्या चिरंजीवांचा फोन : ‘आमच्या बाबांना काय उशिरा कळायचं का हो?’ रात्री एकपर्यंत आम्ही दोघं ‘कल्पना सुचली’च्या चिठ्ठ्या चिकटवत बसलो होतो. बोटांचा गोंद दोन दिवस निघाला नाही.

‘डोक्यात प्रकाश पडला’ हेही जपून. ‘पडला का प्रकाश?’ आपण कुठल्या सुरात विचारतो, आठवा.

मी बल्ब बाजूला ठेवतो आणि घडलं काय ते बघतो. नवं मनात आलं तर ‘सुचलं’, अडलेलं कोडं सुटलं तर ‘उमगलं’. मग ते वाक्य बायकोला मोठ्याने वाचून दाखवतो. ती नको तिथे हसली की खोडतो. पाच मिनिटं जातात, पण एवढाही धीर नसेल त्याने या धंद्यात येऊ नये.

‘आजी माझी लाइटबल्ब मोमेंट आहे’ : नाही. आजी प्रेरणा असते.

‘एडिसनला असा क्षण आला आणि बल्ब जन्मला’ : हेही नाही. बल्ब त्याच्या आधीही होते. इंग्लंडात जोसेफ स्वान याच खटपटीत होता. अडलं होतं ते बल्बच्या आत तापून उजळणाऱ्या टिकाऊ तारेपाशी. अमेरिकेत एडिसनच्या मेन्लो पार्कच्या प्रयोगशाळेत या तारेसाठी नाना वस्तूंचा कोळसा करून पाहिला, तेव्हा कुठे ऑक्टोबर १८७९ मध्ये कापसाच्या दोऱ्याने काही तास तग धरला. बांबूची तार १२०० तासांवर गेली ती त्याच्याही नंतर.

‘प्रकाशाच्या दिव्याचा क्षण’ लिहिणाऱ्यांना मी काही सांगत नाही. फाइल परत पाठवतो.