वावरातल्या खोपडीसाठी सौर जोडणी: चार्ज कंट्रोलर कसा निवडावा

रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी जागलीला जाणाऱ्याला खोपडीत दोन दिवे, एक लहान पंखा आणि मोबाइल चार्जिंग एवढी सोय पुरते. 9 वॅटचे दोन एलईडी दिवे सहा तास आणि 15 वॅटचा डीसी पंखा आठ तास चालवल्यास, मोबाइल धरून, रोजचा खप साधारण 250 वॅट-तास होतो. झडीत दोन रात्री निभावून नेता याव्यात आणि बॅटरी निम्म्याखाली उतरू नये, यासाठी 12 व्होल्ट, 100 अँपिअर-तासांची ट्युब्युलर बॅटरी घ्यावी. एरवी 100 वॅटचे एक पॅनेल भागते. पावसाळ्यासाठी दोन असलेली बरी.

कंट्रोलर म्हणजे पॅनेलमधून बॅटरीत जाणारी वीज आवरणारे यंत्र; त्याची निवड पॅनेलवरून ठरवावी. पॅनेल 12 व्होल्टचे असेल, तर स्वस्तातला पीडब्ल्यूएम कंट्रोलर, म्हणजे पॅनेल थेट बॅटरीला जोडून प्रवाह चालू-बंद करणारा, चालतो. दोन पॅनेल समांतर जोडल्यास मिळून सुमारे 12 अँपिअर प्रवाह येतो, त्याच्या सव्वापट म्हणजे 15 अँपिअर होतात, म्हणून त्यावरचा 20 अँपिअरचा घ्यावा. घराच्या छतावरचे 330 वॅटचे मोठे पॅनेल हाती आले असेल, तर मात्र एमपीपीटीच, म्हणजे पॅनेलचे जास्तीचे व्होल्टेज बॅटरीजोगते उतरवून त्या बदल्यात प्रवाह वाढवणारा कंट्रोलरच हवा, कारण पीडब्ल्यूएम त्या पॅनेलला बॅटरीच्या व्होल्टेजवर खाली ओढतो आणि निम्म्याहून अधिक वीज वाया जाते.

विदर्भात खरी अडचण उन्हाळ्याची आहे. ऊन जास्त म्हणजे वीजही जास्त, असा समज असतो; प्रत्यक्षात पॅनेल तापले की त्याचे व्होल्टेज घटते. 12 व्होल्टचे म्हटले जाणारे, पण 25 अंशांना 18 व्होल्ट देणारे पॅनेल मे महिन्यात 65 अंशांवर गेले की जेमतेम 15 व्होल्ट देते, आणि बॅटरी पूर्ण भरायला सुमारे 14.4 व्होल्ट लागतात. अशा वेळी पॅनेल दहा मीटर दूर ठेवून 4 चौरस मिलिमीटरची तार वापरली, तर पूर्ण प्रवाहाला तारेतच जवळपास एक व्होल्ट खर्ची पडतो आणि बॅटरी अर्धवट राहते. म्हणून पॅनेल शक्यतो खोपडीवरच, टिनपत्र्यापासून वीतभर उंच, दक्षिणेकडे तोंड करून सुमारे 20 अंशांच्या उताराने बसवावे. अंतर टळतच नसेल, तर जाड तार घ्यावी किंवा दोन्ही पॅनेल एकसरीत (सिरीजमध्ये, एकापुढे एक) जोडून एमपीपीटी लावावा.

जोडताना क्रम पाळावा. प्रथम बॅटरी कंट्रोलरला जोडावी, कारण ती 12 व्होल्टची की 24 व्होल्टची हे अनेक कंट्रोलर तिच्यावरूनच ओळखतात. मग पॅनेल आणि शेवटी दिवे-पंखा. काढताना उलट क्रमाने काढावे. बॅटरीच्या धन टोकालगत 20 अँपिअरचा फ्यूज बसवावा. माकडे तार ओढतात, उंदीर कुरतडतात. ती पीव्हीसी पाइपातून न्यावी. बॅटरी सावलीत, हवेशीर जागी ठेवावी आणि उन्हाळ्यात डिस्टिल्ड वॉटरची पातळी वरचेवर पाहावी. कुंपणाला या बॅटरीवरून इन्व्हर्टर लावून वीज सोडण्याचा विचारही करू नये. तो गुन्हा आहे आणि माणूस जागीच दगावतो. त्यासाठी वेगळे झटका मशीन मिळते.

जोडणी झाल्यावर चांगल्या उन्हाच्या दिवशी दुपारी, दिवे-पंखा बंद ठेवून, बॅटरीच्या टोकांवर मल्टिमीटर लावावा. भरत आलेल्या बॅटरीवरही आकडा 14 व्होल्टच्या खाली रेंगाळत असेल, तर आधी तारेचे सांधे आणि जाडी तपासावी.