गोबर गॅसचा हिशोब चुलीकडून मांडा

गोबर गॅस बांधायचा म्हटलं की लोक गोठ्यात जाऊन जनावरं मोजतात. पलूस तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर आम्हीही तेच केलं. दोन म्हशी, दोन जर्सी, झालं, बांधा. पण आधी डब्यातून सिलिंडरच्या पावत्या काढा. वर्षाला किती टाक्या लागतात? आम्हाला नऊ लागायच्या.

मग आठवडाभर शेण तोला. घमेलं भरून ताणकाट्याला लावायचं, घमेल्याचं वजन वजा करायचं. ठोकताळा गाईला रोज 10 किलो, म्हशीला 15 असा आहे, पण चरायला सोडलेल्या जनावराचं निम्मं शेण बांधावरच राहतं. आमचं रोज 50 किलोच्या आसपास भरलं. 25 किलो शेणातून साधारण 1 घनमीटर गॅस निघतो आणि तो सिलिंडरमधल्या 430 ग्रॅमच्या बरोबरीचा. म्हणजे आमचा 2 घनमीटर, रोज 860 ग्रॅम, वर्षाला 314 किलो. टाकी 14.2 किलोची, म्हणजे 22 टाक्या!

इथंच माणूस फसतो. आम्ही आणत होतो नऊ, मग वाचणार बावीस कशा? बाकीचा गॅस तुमच्या कामाचा नसेल तर त्याची किंमत शून्य. टाकीचा भाव सोयीसाठी 900 धरा. नऊ टाक्यांचे 8,100 वाचले. अनुदान वजा जाऊन खिशातून 40,000 गेले असतील, तर फिटायला पाच वर्षं. बावीस धरली असती तर दोनच वर्षांत फिटल्यासारखं दिसलं असतं. अंघोळीच्या पाण्याचं जळण विकत घेत असाल तर तेही जमेला धरा. शेतातलं पाचट जाळत असाल तर धरू नका.

शेजारच्या वस्तीवर दहा जनावरं म्हणून चार घनमीटरचा बांधला. घरात माणसं तीन. जादा गॅस शेणकाला बाहेर पडायच्या कुंडीतून बुडबुडे काढत निघून जातो. तो मिथेन आहे, हवेत सोडणं वाईटच. मुंबई हायला 1974 साली तेल सापडलं तेव्हाही तेलाबरोबर येणारा गॅस सुरुवातीला बराचसा जाळूनच टाकत, कारण तो किनाऱ्यावर आणायची आणि वापरायची सोय पुरती झाली नव्हती. गॅस काय, तेल काय, निघालं म्हणजे पैसा झाला असं नसतं. त्यात तेल पिंपात तरी भरून ठेवता येतं.

खर्चात मजुरीही लिहा. शेण आणि पाणी समसमान कालवायला रोज अर्धा तास जातो. आमच्यात ते आत्याबाई करायच्या, आता मी. मालकांच्या वहीत हा रकाना नव्हता. मी घातला. तशी स्लरी, म्हणजे गॅस निघून उरलेला शेणकाला, उसाला सोडतो, ती जमेच्या बाजूला.

बांधकामात आमचं एक चुकलं. कृष्णाकाठची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. गवंड्यानं खड्ड्याभोवती तीच परत भरली आणि दुसऱ्या वर्षी गॅस साठायच्या घुमटाला चीर गेली. भोवती मुरूम भरून घ्या, थर देऊन चोपा. पुराचं पाणी चढतं तिथं तर बांधूच नका.

पहिला गॅस पेटवायचा नाही, त्यात हवा मिसळलेली असते. एकदा भरला की मोकळा सोडा, आजूबाजूला विडीसुद्धा नको. सांध्यांना साबणाचा फेस लावून बघा. ज्योत फडफडायला लागली तर नळीत पाणी साठलंय, ते काढा. थंडीत गॅस कमी येतो, तेव्हा एक भरलेली टाकी घरात असू द्या. आमच्याकडं ती पौषात लागतेच.