नाशिकच्या पाणंदींतून सायकल: गाड्या टाळून मुरमाच्या वाटेवर कसं जावं

नाशिकला सायकलवाल्यांची वाण नाही. २०१५ मध्ये डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली, तेव्हा शहरानं त्यांचं कौतुकही भरपूर केलं. पण आपलं बहुतेक सायकलिंग डांबरावरचं, आणि आजकाल डांबर म्हणजे डंपर. त्र्यंबक रोड असो की पेठ रोड, एक कान कायम मागच्या हॉर्नकडे ठेवावा लागतो.

परदेशात ग्रॅव्हल सायकलिंगसाठी, म्हणजे मुरूम-खडीच्या कच्च्या रस्त्यांवरच्या सायकलिंगसाठी, पाट्या लावलेले मार्ग असतात. इथे पाट्या नाहीत, पण पाणंदी (शेतांमधून जाणाऱ्या कच्च्या वाटा) आहेत, पाटाच्या कडेचे मुरमाचे रस्ते आहेत, धरणांच्या फुगवट्यालगतच्या वाटा आहेत आणि पश्चिमेला जंगलातून पाड्यांकडे जाणारे कच्चे रस्ते आहेत. त्यातले रिकामे रस्ते हुडकायला नकाशा लागतोच, पण त्याहून जास्त उपयोगी पडतं ते शेतीचं वेळापत्रक. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

१. आधी महिना ठरवा, मग दिशा

एकच पाणंद एका महिन्यात ओस असते आणि दुसऱ्या महिन्यात तिथे पिकअपची रांग लागते. गिरणारे पट्ट्यात ऑगस्टअखेरपासून टोमॅटोचा हंगाम जोरात असतो, तेव्हा क्रेट भरलेल्या गाड्या अगदी बांधापर्यंत जातात. दिंडोरी-निफाडकडे द्राक्षांची तोडणी जानेवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत चालते.  त्यामुळे बागाईत पट्टा फिरायचा तर नोव्हेंबरचा शेवट ते जानेवारीचा मध्य बरा. टोमॅटो उतरणीला लागलेला असतो आणि द्राक्षं अजून वेलीवरच असतात. थंडी मात्र बोचते, हातमोजे विसरू नका.

या काळातली एक अडचण कुणी सांगत नाही. गोडी छाटणीनंतर (फळ धरण्यासाठीच्या छाटणीनंतर) द्राक्षबागांत फवारण्या सुरू असतात. ट्रॅक्टरच्या ब्लोअरचा ढग पाणंदीवर येतो आणि सायकलच्या बाटलीच्या तोंडावर बसतो. तेच तोंड आपण पुढच्या वळणावर दातांनी उघडतो. झाकण असलेली बाटली घ्या, नाहीतर पाणी पाठीवरच्या पिशवीत ठेवा. ब्लोअर दिसला की वारा जिकडून येतो त्या बाजूला थांबून तो पुढे सरकू द्या. ट्रॅक्टरवाले दादा बहुतेक वेळा हात करून ‘या’ म्हणतात.

फेब्रुवारी-मार्चमध्ये तोंड पश्चिमेला वळवा. वाघेरा, हरसूल, पेठकडचं रान. भात आणि नागली कधीच निघालेली असते, खाचरं मोकळी असतात आणि पळस फुललेला असतो. मोहाच्या दिवसांत पहाटे बायामाणसं फुलं वेचायला झाडाखाली बसलेली असतात, तिथे वेग कमी करा आणि रस्त्यावर वाळत घातलेली फुलं चाकाखाली घेऊ नका. पुढे उन्हाळ्यात राब भाजायला (रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळायला) लागले की धूर असतो. दम्याचा त्रास असलेल्यांनी तेव्हा तो भाग टाळावा.

पावसाळ्यात काळ्या मातीच्या पाणंदींचं नावच काढू नका. चिखल टायर आणि फ्रेमच्या मधल्या जागेत असा गच्च बसतो की चाक फिरत नाही आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. मोठा पाऊस झाल्यावर चार-पाच दिवस जाऊ द्यावेत. मुरमाचा रस्ता मात्र लवकर सुकतो. श्रावणात, त्यातही तिसऱ्या सोमवारी, ब्रह्मगिरीच्या फेरीला मोठी गर्दी असते. पौष वद्य एकादशीच्या आधी निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी दिंड्या त्र्यंबकच्या वाटेवर असतात. त्या दिवसांत ती बाजू सोडून द्या.

२. नकाशावर तुटक रेषा शोधा

आधी उपग्रह-चित्र उघडा. डांबर गडद दिसतं, मुरूम तांबूस किंवा फिकट. मग ओपनस्ट्रीटमॅप या मोफत ऑनलाइन नकाशावर तोच रस्ता तुटक रेषेत आहे का ते पाहा. महसुली गावनकाशा मिळाला तर उत्तम. त्यात दुहेरी तुटक रेष म्हणजे गाडीमार्ग आणि एकेरी म्हणजे पायवाट. गाडीमार्ग धरा. नुसता बांध दिसत असेल तर तो शेतकऱ्याचा आहे, आपला नाही.

पहिल्या खेपेला गंगापूर धरणाच्या फुगवट्याकडचा भाग घ्या, सावरगाव-गंगावऱ्हे बाजूचा. चढ सौम्य आहेत, वस्ती फार लांब नाही आणि कंटाळा आला तर डांबर गाठता येतं. जम बसला की गिरणाऱ्याच्या पुढे काश्यपी धरणाच्या परिसरात जा. तिथे चढ-उतार खऱ्या अर्थानं सुरू होतात. धरणांच्या भिंतींवर मात्र जायचं नाही. वाट फोनमध्ये ऑफलाइन उतरवून ठेवा, कारण वाघेऱ्याच्या पलीकडे नेटवर्कचा भरवसा नाही.

३. प्रश्न नीट विचारा

‘पुढं रस्ता आहे का?’ असं विचारलं की उत्तर ‘हाय ना’ असंच येतं. बैलाला, शेळीला आणि सांगणाऱ्याला रस्ता असतोच. त्याऐवजी विचारा, ‘बाबा, मोटारसायकल पार जाते का? की मधी उतरावं लागतं?’ मग खरी माहिती निघते: ‘जाती, पण वढ्यात पाणी हाय, फरशीवरनं ढकलत न्या.’ आधी रामराम, मग प्रश्न, हा क्रम पाळा. कुंपणाचं फाटक उघडलंत तर मागं लावून घ्या.

४. सायकल

महागडी ग्रॅव्हल सायकल असेल तर छानच, पण सुरुवातीला घरातली हायब्रिड किंवा एमटीबी (जाड टायरची डोंगरी सायकल) पुरते. फरक पडतो टायरमध्ये: ३८ ते ४५ मिमी रुंदी आणि हवा कमी. साधारण ७० किलो वजनाच्या माणसाला ४० मिमी टायरमध्ये ट्यूब असेल तर ४० पीएसआयच्या (हे हवेच्या दाबाचं माप) आसपास, ट्यूबलेस असेल तर ३० ते ३५. पुढच्या चाकात दोन-तीन पीएसआय कमीच ठेवा. दुकानात हवा ‘टाइट’ करून देतात. घरी आल्यावर गेजनं मोजून सोडा.

पंक्चरचं कारण इथे खिळा नसतो, बाभळीचा काटा आणि सराटा असतो. सीलंट (भोक आपोआप बुजवणारं द्रव) भरलेलं ट्यूबलेस हा त्यावरचा सर्वांत चांगला उपाय. ट्यूब असेल तर दोन जादा ट्यूब, पॅच, लिव्हर आणि हातपंप जवळ हवेत. पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून बोट अलगद फिरवा. मोडलेलं टोक तसंच राहिलं तर नवी ट्यूबही दहा मिनिटांत पंक्चर होते.

५. मुरमावर चालवायची रीत

हँडल घट्ट आवळू नका, कोपरं सैल ठेवा. नजर चाकाखाली नको, दहा-पंधरा मीटर पुढे. ज्या खड्ड्याकडे बघाल त्यातच जाल. चढावर पेडलवर उभं राहिलात की मागचं चाक जागेवर फिरतं, म्हणून बसूनच हलक्या गिअरवर चढा. उतारावर ब्रेक वळणाच्या आधी लावा. वळणात, सुट्या खडीवर पुढचा ब्रेक दाबलात की सायकल आडवी झालीच समजा. ओढ्यावरच्या फरशी पुलावर शेवाळ असेल तर उतरून चालत जा, त्यात कमीपणा नाही.

६. कुठं जायचं नाही

देवळालीच्या बाजूला लष्कराच्या तोफखान्याची फायरिंग रेंज आहे. ते माळ नकाशावर कितीही मोकळे आणि मोहक दिसले तरी तिकडे वळायचं नाही. बोरगड आणि अंजनेरी ही संवर्धन राखीव क्षेत्रं आहेत. तिथे आणि कुठल्याही राखीव वनात सायकल नेण्याआधी वनविभागाला विचारा. उसाच्या कडेनं उजाडण्याआधी आणि अंधार पडल्यावर जाऊ नका, बिबट्या नाशिकला नवा नाही. एकट्यानं जायचं असेल तर घरी वाट आणि परतीची वेळ सांगून निघा. मेंढपाळांची कुत्री अंगावर आली तर सायकल पळवू नका. उतरा, सायकल आपल्या आणि कुत्र्यांच्या मध्ये धरा आणि धनगराला हाक मारा, तो बोलावतो त्यांना.

७. परत आल्यावर

सायकल गाड्या धुण्याच्या जोरदार फवाऱ्याखाली धरू नका, बेअरिंगमध्ये पाणी शिरतं. चिखल सुकू द्या, ब्रशनं झाडा, मग ओल्या फडक्यानं पुसा. साखळीवर धूळ बसलेली असताना वरून तेल सोडलंत तर तिची पॉलिशपेपरसारखी गत होते. आधी पुसा, मग कडीकडीवर एक थेंब, आणि दहा मिनिटांनी वरचं तेल पुन्हा पुसून टाका.