फ्री डिश: स्ट्रेंथ ८०, क्वालिटी ०, शेवटी असं जमलं

मे महिन्यातल्या वादळानंतर नागपुरात आमच्या मानेवाड्याच्या घरी सिग्नलच गेला, स्ट्रेंथ ८० दाखवायची पण क्वालिटी ०. एलएनबी (डिशसमोर दांड्यावर बसतो तो सिग्नल पकडणारा भाग) बदलला, कनेक्टर नवीन लावले, बॉक्स रिसेट केला, काही नाही. चार दिवस उन्हात गच्चीवर डोकं फिरलं.

मग पाइपला ओळंबा लावून पाहिला तर खालपर्यंत दोन बोटं फरक, म्हणजे पाइपच वाकून राहिला होता, त्याच्यामुळे डिशच्या ब्रॅकेटवरचे अंशांचे आकडे खोटे. आधी पाइप सरळ करून बोल्ट कसले. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ आहे ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, नागपूरहून म्हणजे आग्नेयेला, कंपासवर साधारण १४५ अंश, उंची (डिशचा वरचा कोन) ६० अंश. मोबाइलचा कंपास लोखंडापासून दूर उभं राहून बघा, जवळ चुकतो. स्केलवर ६० ठेवून डिश केसभर फिरवायची आणि पाच सेकंद थांबायचं, बॉक्स उशिरा दाखवतो, मी घाईत दरवेळी पुढेच निघून जात होतो. १४५ च्या जरा अलीकडेच क्वालिटी एकदम ४०! मग उंची थोडी वरखाली, क्वालिटी ६२. शेवटी एलएनबी हळूहळू वळवला, ७१. नट आलटून पालटून कसा, एकच पूर्ण कसला की डिश सरकते. स्ट्रेंथ बघू नका, ती नुसता एलएनबी चालू असला तरी येते.