सागरी भ्रूणांवर धातूंचा परिणाम तपासताना या चुका टाळा

फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यावरील आर्काशाँ उपसागरात १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात कालवांचे बीज धरेनासे झाले. मोठी कालवे जिवंत होती. त्यांची कवचे तेवढी जाड आणि कप्प्याकप्प्यांची होऊ लागली होती. अंड्यांतून निघणारे डिंभ, म्हणजे अळीसारखी पिल्ले (लार्वा), मात्र खडकाला चिकटण्याच्या वयापर्यंत पोहोचतच नव्हते. होड्यांच्या तळाला लावल्या जाणाऱ्या रंगातले ट्रायब्युटिलटिन, म्हणजे कथिलाचे एक संयुग, याच्या मुळाशी होते. १९८२ मध्ये २५ मीटरपेक्षा लहान बोटींवर हा रंग वापरण्यास बंदी आली आणि बीज पुन्हा धरू लागले. प्रौढ प्राणी जगत आहेत म्हणजे पाणी ठीक आहे, असे मानणे ही या विषयातली पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

म्हणूनच कालवे, शिणाणे (एक प्रकारचे शिंपले) किंवा सागरी अर्चिन (काटेरी गोल सागरी प्राणी) यांच्या भ्रूणांवर चाचण्या केल्या जातात. चाचणी दिसायला सोपी आहे: अंडी फलित करायची, धातू मिसळलेल्या पाण्यात दोन-तीन दिवस ठेवायची आणि किती डिंभ नीट घडले ते मोजायचे. परंतु भ्रूणाला प्रत्यक्षात किती धातू भेटला, याचे उत्तर हातात नसेल तर ही सारी मोजदाद व्यर्थ आहे, आणि बहुतेक चुका नेमक्या याच ठिकाणी होतात.

पाणी आणताना

नियंत्रण गटासाठी, म्हणजे तुलनेसाठी धातू न घालता ठेवलेल्या गटासाठी, लागणारे स्वच्छ समुद्राचे पाणी मासेमारी बंदरातल्या धक्क्यावरून भरू नये. तिथल्या बोटींच्या तळाचा शेवाळरोधक रंग बहुधा तांब्याचा असतो, गंज रोखण्यासाठी लावलेल्या जस्ताच्या पट्ट्या सतत झिजत असतात, आणि दोन्ही धातू पाण्यात उतरत राहतात. कालवे आणि शिंपल्यांच्या भ्रूणांच्या ४८ तासांच्या चाचणीत निम्मे डिंभ बिघडायला लिटरमागे ५ ते १० मायक्रोग्रॅमच्या आसपास तांबे पुरते. इतक्या कमी प्रमाणाशी गाठ असताना लोखंडी बादली, पितळेची तोटी किंवा नुसती साबणाने धुतलेली बाटली प्रयोग बिघडवू शकते. भांडी सौम्य नायट्रिक आम्लात रात्रभर भिजवून शुद्ध पाण्याने अनेकदा खळबळावीत.

टाकलेला धातू आणि भेटलेला धातू

मोरचुदाचे (कॉपर सल्फेटचे) वजन म्हणजे तांब्याचे वजन नव्हे. स्फटिकातल्या पाण्यासह मोरचूद ३.९३ ग्रॅम घ्यावे तेव्हा त्यात १ ग्रॅम तांबे असते. हा हिशेब चुकला की पुढची सर्व प्रमाणे जवळजवळ चौपट चुकतात. बाटलीवरील लेबलात स्फटिकजलाचा उल्लेख वाचल्याशिवाय तराजूकडे जाऊ नये.

दुसरी चूक अधिक लपून बसते. तांब्याचा जो भाग मुक्त आयनाच्या रूपात असतो तोच प्रामुख्याने विषारी ठरतो. पाण्यात विरघळलेले सेंद्रिय पदार्थ तांब्याला बांधून ठेवतात, त्यामुळे खाडीच्या गढूळ, सेंद्रिय पदार्थांनी भरलेल्या पाण्यात तेच प्रमाण कमी घातक दिसते. शैवाल वाढवण्याच्या काही पोषक मिश्रणांत ईडीटीए हे रसायन असते आणि ते तर धातूंना बांधण्यासाठीच घातलेले असते. असे पाणी चाचणीत आले की तांबे वाढवत नेले तरी डिंभ सुरेख घडतात आणि ही जात काटक आहे असा चुकीचा निष्कर्ष निघतो. पारा आणि शिसे भांड्याच्या भिंतींना चिकटतात, त्यामुळे सुरुवातीला टाकलेले प्रमाण शेवटपर्यंत टिकत नाही. सुरुवातीला आणि अखेरीला पाण्यातले प्रत्यक्ष प्रमाण मोजावे आणि निष्कर्ष मोजलेल्या आकड्यांवर बांधावेत.

मोजणीतही एक खड्डा आहे. धातूंचे अणू वस्तुमानानुसार मोजणाऱ्या आयसीपी-एमएस यंत्रात आर्गॉन वायू (४०) आणि मिठातले सोडियम (२३) यांचा जोड-आयन नेमका ६३ वस्तुमानावर येतो, आणि तांब्याचा मुख्य समस्थानिकही ६३ चाच आहे. म्हणून समुद्राचे पाणी नुसते पातळ करून यंत्रात घातले तर नसलेले तांबे दिसते. धातू आधी रेझिनच्या साहाय्याने मिठापासून वेगळे करून घ्यावेत, किंवा असा अडथळा दूर करणारी यंत्रसुविधा वापरावी.

नियंत्रण गटच बिघडला तर

धातू न घातलेल्या पाण्यातही डिंभ वाकडेतिकडे निघत असतील तर घाईने पाण्याला दोष देऊ नये. अंडी आणि शुक्राणू आधी तपासावेत. शिणाण्यांची अंडी जनक चिरून काढली तर ती बहुधा अपक्व असतात आणि फलित होत नाहीत. त्यासाठी पाण्याच्या तापमानात चढउतार करून प्राण्याला स्वतःहून अंडी सोडू द्यावी लागतात. शुक्राणू गरजेपेक्षा जास्त घातले तर एका अंड्यात अनेक शिरतात आणि भ्रूण पहिल्या विभाजनापासूनच बिघडतो. उलट शुक्राणूंवर धातूचा परिणाम पाहायचा असेल तर त्यांची जादा संख्या तो परिणाम झाकून टाकते, कारण निम्मे निकामी झाले तरी उरलेले पुरेसे ठरतात.

फॉर्मॅलिनची चूक

या एका चुकीवर मुद्दाम थांबावेसे वाटते, कारण ती प्रयोग संपल्यानंतर घडते आणि तिचा माग उरत नाही. डिंभ टिकवण्यासाठी साधे फॉर्मॅलिन घातले जाते. ते आम्लधर्मी असते आणि डिंभाचे कवच व कंकाल कॅल्शियम कार्बोनेटचे असतात. काही दिवसांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे तर अर्चिनच्या डिंभाच्या काड्या झिजलेल्या आणि बाहू लोंबलेले दिसतात, शिंपल्याच्या डिंभाची सरळ बिजागरी पुसट झालेली असते, आणि हे सारे धातूच्या खाती जमा होते. नियंत्रण गट आधी मोजून झाला आणि धातूचे गट आठवडाभराने मोजले, तर संपूर्ण निकाल फॉर्मॅलिनचाच असू शकतो. फॉर्मॅलिन बोरॅक्सने उदासीन करून घ्यावे, सर्व गट एकाच वेळी मोजावेत, आणि मोजणाऱ्याला कोणती बाटली कोणत्या प्रमाणाची आहे हे ठाऊक नसावे.

फक्त टक्केवारी लिहिणे

विकृत डिंभांची टक्केवारी लिहून वही मिटणे म्हणजे हाती आलेली अर्धी माहिती टाकून देणे होय. कर्ट हर्ब्स्ट या जर्मन संशोधकाने १८९२ मध्ये दाखवले की लिथियमच्या क्षारात वाढलेल्या अर्चिनच्या भ्रूणाचे आतडे आत वळण्याऐवजी बाहेर वाढते. निकेलमुळे भ्रूणाची पोटाची-पाठीची बाजू ठरण्याची प्रक्रियाच कोलमडते आणि कंकालाच्या काड्या दोन बाजूंना न येता सभोवार उगवतात. कॅडमियम कॅल्शियमच्या वाटेने पेशीत शिरते. विकृतीची तऱ्हा नोंदवली तर धातू कोणत्या टप्प्यावर घाव घालतो हे उमगते. केवळ मंद वाढलेला डिंभ आणि खरोखर विकृत डिंभ यांची नोंदही वेगवेगळी ठेवावी. तापमान दोन अंशांनी उतरले तरी वाढ मागे पडते.

खाडीचा गाळ तपासताना

ठाणे खाडीसारख्या ठिकाणचा गाळ समुद्राच्या पाण्यात ढवळून त्या निथळ पाण्यावर चाचणी केली आणि सर्व भ्रूण बिघडले, तर दोष धातूंचाच असेल असे नाही. अशा गाळातून अमोनिया आणि सल्फाइड बाहेर पडतात, आणि दोन्ही भ्रूणांना घातक आहेत. पावसाळ्यात क्षारता खाली आलेली असली तर तेवढ्यानेही भ्रूण मरतात, शिवाय क्लोराइड कमी झाल्याने मुक्त कॅडमियम वाढते, ते वेगळेच. प्रत्येक नमुन्यासोबत अमोनिया, क्षारता, पीएच आणि विरघळलेला ऑक्सिजन मोजावा, तितक्याच क्षारतेचा स्वतंत्र नियंत्रण गट ठेवावा, आणि त्याच निथळ पाण्याच्या एका भागात थोडे ईडीटीए घालून पाहावे: त्यात भ्रूण सावरले तर दोषी धातू असण्याची शक्यता बळावते, आणि सावरले नाहीत तर अमोनियाच्या आकड्याकडे आधी पाहावे.