चुसॉकची तयारी: आधी तिकीट, मग तांदूळ

चुसॉक म्हणजे कोरियातला सुगीचा सण, कोरियन चांद्र कॅलेंडरच्या आठव्या महिन्याची पौर्णिमा. 2026 ला ती 25 सप्टेंबरला, शुक्रवारी येतेय, सुट्टी 24 ते 26, आणि त्याच दिवशी आपली अनंत चतुर्दशी, त्यामुळे सोलमध्ये ज्यांच्याकडे दहा दिवसांचा गणपती बसतो नि सासर कोरियन आहे त्यांनी विसर्जनाचं आणि सासरी जायचं काय ते आत्ताच घरात बोलून घ्या.

मग पहिलं काम तिकिटाचं, बाजाराचं नाही. केटीएक्सचं, म्हणजे इथल्या हायस्पीड रेल्वेचं, बुकिंग काही आठवडे आधी ठराविक दिवशी उघडतं आणि ऑनलाइन रांगेत तुमच्यापुढे हजारो लोक असतात, त्यामुळे परतीचं पण तेव्हाच काढा. गाडीनं जाणार असाल तर सोल ते बुसान एरवी चार-साडेचार तास, सुट्टीत सात-आठ सहज. टोल माफ असतो ही काय ती कृपा.

पूर्वजांच्या थडग्यांवरचं गवत काढायचं काम, बॉलचो, चुसॉकच्या आधीच्या वीकेंडांना उरकतात. जाणार असाल तर फुल बाह्या आणि बूट घाला, गवतात गांधीलमाश्यांची पोळी असतात आणि दरवर्षी लोकांना डंख बसतात. ज्यांना जमत नाही ते पैसे देऊन करून घेतात, त्यात आता कोणी नाक मुरडत नाही.

गिफ्ट सेट न्यायचाच. स्पॅमचे (डबाबंद पोर्कचे) डबे, ट्यूना, खायचं तेल, सफरचंद-नाशपातीचा बॉक्स, बजेट असेल तर हानू, म्हणजे देशी कोरियन गुरांचं बीफ. स्पॅम बघून हसू नका, इथे तो सणाचा मानाचा आहेर आहे. फळं घरच्यासाठीही आधीच घ्या, सण जवळ आला की भाव चढतात.

आता मुख्य, म्हणजे सकाळची चार्ये, पूर्वजांसाठी मांडायचं ताट. आधी विचारा की घरात चार्ये होते का, कारण बऱ्याच ख्रिश्चन घरांत त्याऐवजी प्रार्थना असते. होत असेल तर नव्या पिकाचा तांदूळ, तांदळाची दारू, भाज्या, मासे, मांस, बोरं, चेस्टनट, नाशपाती, पर्सिमॉन. लाल फळं पूर्वेला, पांढरी पश्चिमेला, मासे पूर्वेला नि मांस पश्चिमेला अशी मांडणी सांगतात. पीच ठेवत नाहीत, लसूण-तिखट वापरत नाहीत. कागदावर पूर्वजांचं नाव लिहून लावतात, तो कागद नंतर जाळतात, म्हणून लायटर हाताशी ठेवा, ऐनवेळी कोणाकडेच नसतो. पितृपक्षासारखं गंभीर वातावरण असेल असं धरून जाऊ नका, नमस्कार झाले की सगळे हसत-खिदळत त्याच ताटातलं जेवतात.

सोंगप्यॉन, म्हणजे सारण भरलेले तांदळाचे वाफवलेले गोळे, आदल्या दिवशी. तांदळाचं पीठ गरम पाण्यात मळायचं, आत तीळ-साखर नाहीतर बीन्स किंवा चेस्टनट, अर्धचंद्रासारखा आकार देऊन पाइनच्या पानांवर वाफवायचं, मग गार पाण्यातून काढून तिळाचं तेल लावायचं. उकडीचे मोदक जमत असतील तर हात आपोआप चालतो. पानं बाजारातून आणा, रस्त्याकडेच्या झाडांवर औषध मारलेलं असू शकतं. सुबक सोंगप्यॉन करणारीला सुंदर मुलगी होते असं म्हणतात, तर तो टोमणा पण ऐकून ठेवा. वेळ नसेल तर सरळ तॉकच्या (तांदळाच्या केकच्या) दुकानात ऑर्डर द्या.

आणि जॉन, म्हणजे पिठात नि अंड्यात बुडवून तव्यावर परतलेले मासे, झुकिनी, मशरूम. बायकांची कंबर इथेच मोडते, पुरुष मंडळी टीव्हीसमोर. सप्टेंबर 2022 मध्ये सुंगक्युनग्वान या कन्फ्युशियन संस्थेच्या समितीनं सोपं ताट जाहीर केलं आणि तळकट पदार्थ चार्येला लागतच नाहीत असं स्पष्ट सांगितलं. त्याची बातमी फोनमध्ये सेव्ह करून सासूबाईंना प्रेमानं दाखवा, किंवा निदान परतायची ड्युटी नवऱ्याला नि दिरांना आधीच वाटून द्या, सकाळी वाद घालून काही होत नाही.

चार्येनंतर थडग्यांवर जातात, त्यासाठी चटई, दारूची छोटी बाटली, थोडी फळं वेगळ्या पिशवीत. कुठेच जायचं नसेल तर सोलमधले राजवाडे चुसॉकच्या सुट्टीत फुकट उघडे असतात, ग्यॉंगबोकगुंगला सकाळीच जा. मात्र दूध, अंडी, औषधं आदल्या दिवशीच भरून ठेवा, सणाच्या दिवशी बरीच दुकानं बंद असतात. आणि दोन-तीन रिकामे डबे न्या, उरलेलं जॉन सासूबाई बांधून देणारच, ते फ्रीझ करा आणि पुढच्या आठवड्यात किमचीबरोबर उकळून रस्सा करा.