उपकंत्राटदाराचे पैसे खात्यात पोहोचले का, ते बघा

काही सरकारी बांधकामांच्या निविदेत मुख्य कंत्राटदार लहान किंवा महिलांच्या मालकीच्या उद्योगांना कामाचा ठरावीक वाटा द्यायचं लेखी कबूल करतो. गळती सुरू होते ती कार्यादेश, म्हणजे काम सुरू करण्याचा लेखी आदेश, निघाल्यावर. कागदावर नाव तेच राहतं, काम मात्र दुसराच करतो.

म्हणून कंत्राटावर देखरेख तुमच्याकडे असेल, तर प्रत्येक रनिंग बिलासोबत (काम चालू असताना टप्प्याटप्प्याने येणारं बिल) तीन आकडे मागा: उपकंत्राटदाराला कबूल केलेली रक्कम, आजवर झालेलं काम आणि खात्यात प्रत्यक्ष जमा झालेले पैसे. तिसरा आकडा मुख्य कंत्राटदाराच्या शब्दावर कधीच घेऊ नका, उपकंत्राटदाराला थेट फोन करून पडताळा. साइटवर गेलात की मजूर कोणाच्या हजेरीपटावर आहेत, यंत्रं कोणाची, साहित्याची बिलं कोणाच्या नावावर, हेही बघा. नुसती बिलं फिरवणारी फर्म इथेच उघडी पडते.

उपकंत्राटदार बदलण्याआधी कारणासह लेखी मंजुरी, ही अट करारातच घाला.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट, माझ्या मते, काम नीट होईल याची हमी म्हणून बिलातून राखून ठेवलेली रक्कम. लहान फर्मचं काम तपासून झालं की त्या रकमेतला तिचा वाटा तिला देऊन टाका. अख्खा प्रकल्प संपेपर्यंत तो अडकला, तर खेळत्या भांडवलाअभावी ती पुढची निविदाच भरत नाही.